पिको, नोंद ३ : रंगवलेल्या कापडातून आवाज मोकळा आला

रविवारी स्पीकरवर नवं कापड ताणून बसवलं, सुकूस (काँगोचं गिटारप्रधान नाचाचं संगीत) लावलं आणि गिटारची वरची तार स्वच्छ ऐकू आली. तीन आठवडे याच्यासाठीच अडलो होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पिको म्हणजे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची, बारांकिया-कार्ताहेनाकडची रंगवलेली साउंड सिस्टिम. नाव 'पिक-अप'वरून आलंय. तिथे प्रत्येक पिकोला नाव आणि चेहरा असतो : 'एल तिंबालेरो', 'एल कोरेआनो', 'एल रोहो'. बेलिसारियो दे ला मात्तीससारख्या चित्रकारांनी ही चित्रं झळाळत्या फ्लुओरोसंट रंगांत काढली. १९७० च्या दशकात पिकोवाल्यांच्या हाती आफ्रिकेतल्या रेकॉर्ड पडल्या. प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून ते तबकडीचं लेबलच खरवडून टाकायचे, मग लोक कानाला जे ऐकू येई त्यावरून गाण्यांची बारशी करायचे! पुढे याच नादातून चंपेता हे त्या किनाऱ्याचं नाचाचं संगीत आलं.

चित्र स्पीकरच्या तोंडावरच्या कापडावर असतं, म्हणजे आवाज चित्रातून बाहेर पडतो. माझी चूक तिथेच झाली. पहिल्या खेपेला मांजरपाटाला पांढऱ्या प्रायमरचं अस्तर दिलं, वर रंगाचे दोन हात मारले. दिसायला देखणं झालं, पण गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटत होतं. सुकूसमध्ये गिटारच दबली तर उरलं काय?

दुसऱ्या खेपेला पातळ पांढरं पॉपलिन घेतलं आणि अस्तर दिलंच नाही. फ्लुओरोसंट रंग पारदर्शक असतो, खाली पांढरं असेल तरच पेटतो, आणि इथे कापडच पांढरं आहे. अ‍ॅक्रिलिक दुधाइतकं पातळ करून एकच हात दिला. दर थोड्या वेळाने कापडाला तोंड लावून फुंकर मारायची आणि मागे तळहात धरायचा. चोचीपाशी एका जागी फुंकर पोचेना, तेव्हा ओल्या फडक्याने तिथला रंग लगेच टिपून घेतला.

माझ्या पिकोचं नाव 'खंड्या'. काळ्या (अतिनील) दिव्याखाली चोचीचा तांबडा-नारिंगी रंग निखाऱ्यासारखा दिसतो. पाठीचा निळा मात्र मंदच राहतो, फ्लुओरोसंट निळ्यात तेवढी धग नसते. त्याच्याभोवती काळी रेघ जाड ठेवली, तेव्हा कुठे तो उठून दिसला.

आता अक्षरं राहिलीत. नाव गल्लीच्या टोकावरून वाचता आलं पाहिजे, म्हणून 'खंड्या'चा 'ख' आधी जुन्या वर्तमानपत्रावर वीतभर उंच काढून बघतोय.