एका हीटरमध्ये दोन वास

डिसेंबरात परतवाड्याच्या आमच्या गॅरेजात दर्यापूरकडची एक जुनी हॅचबॅक आली. चिखलदऱ्याच्या घाटात हीटर लावला आणि मालक अर्ध्या वाटेतून परतला. "हीटर लावलं का मेलेल्यावानी वास येते भाऊ." वर त्याने अर्धी बाटली सेंट व्हेंटमध्ये मारलेलं. नाकाला काही कळेना.

गाडी दिवाळीपासून कापसाच्या गंजीशेजारी उभी होती, म्हणजे उंदीर. ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर ओढला, तर वर सरकीसकट कापसाचं घरटं. बॅटरीची निगेटिव्ह काढून ब्लोअर मोटर, म्हणजे हीटरची हवा फेकणारा पंखा, खाली घेतली. पंख्यात मेलेलं पिल्लू. असला कचरा कोरडा झटकू नये, हवेनेही उडवू नये. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजवला, मास्क-हातमोजे घालून उचलला, मग साध्या पाण्याच्या फडक्याने ब्लोअरचं खोकं पुसलं.

नवा फिल्टर टाकला. काम झालं असं वाटलं, पण इंजिन तापल्यावर गरम हवेत गुळचट वास आला, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा). समोरच्या काचेवर आतून ओशट धुकं. रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) लावलं तर वास वाढलाच. बॉनेटखालून येत असता तर कमी झाला असता. डाव्या मॅटखाली हिरवट ओल होती, बोटांना चिकटणारी. एसीचं पाणी चिकटत नाही.

थंड इंजिनवर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून ०.९ बार दाब भरला. दहा मिनिटांत काटा ०.६ वर, आणि बाहेरचे सगळे होज (रबरी नळ्या) कोरडे. हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा गरम कूलंटचा छोटा रेडिएटर, गळत होता.

कारण डिकीत सापडलं: बोअरच्या पाण्याची कॅन. पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं! जे पाणी पिकाला देताना माणूस विचार करतो, ते हा दोन वर्षं रेडिएटरला पाजत होता. कूलंट पातळ होऊन त्यातलं गंजरोधक कमी पडतं आणि पाण्यातलं क्लोराइड अॅल्युमिनियमला आतून भोकं पाडतं. हीटर बंद ठेवूनही सुटका नाही, कारण बऱ्याच गाड्यांत कूलंट कोअरमधून सतत फिरतच असतं.

नवा कोअर येईपर्यंत फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) कोअरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून दिले. नंतर डॅशबोर्ड उतरवायला अख्खा दिवस गेला. पाणी स्वच्छ येईस्तोवर सिस्टीम धुतली, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत सिस्टीममधली हवा काढली.

कॅन मी ठेवून घेतली. हात धुवायला चालते.