पस्तीसचा बल्ब आणि ‘तू’

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने छड्या, डबे आणि गॅदरिंग यांबद्दल लिहावं, असा रिवाज आहे. ते बाकीचे लिहितीलच. मला मिळालेली पानं मी शाळेत पाठ करून घेतलेल्या एका व्याख्येवर खर्च करतो: ‘नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम.’ ही व्याख्या नेमकी उलटी करणारा एक कवी स्पेनमध्ये होऊन गेला. गेली काही वर्षं मी स्पॅनिश शिकवतो, त्यामुळे त्याच्याशी रोजचा व्यवहार आहे. पेद्रो सालिनास. कवी, कथा-कादंबरीकार आणि पोटापाण्याला आयुष्यभर साहित्याचा प्राध्यापक.

त्याच्या मते नाव हाच आडपडदा आहे. खरा ऐवज सर्वनामात. त्याच्या सर्वांत गाजलेल्या कवितेत तो प्रेयसीला पोशाख, खाणाखुणा, तसबिरी सगळं उतरवून ठेवायला सांगतो, नावं आणि पाट्या मी पुरून टाकीन म्हणतो आणि शेवटी फक्त ‘तू’ आणि ‘मी’ उरू देतो. हा कवितासंग्रह १९३३ चा. सत्तर कविता, एकीलाही शीर्षक नाही, सलग वाचल्या तर एकच दीर्घकविता.

‘ला वोस आ ती देबिदा’ या संग्रहाच्या नावापासूनच अनुवादकाची परीक्षा सुरू होते. नाव उसनं आहे, सोळाव्या शतकातल्या गार्सिलासो दे ला व्हेगाच्या तिसऱ्या गोपगीतातून घेतलेलं. तिथे कवी म्हणतो, जीभ मेलेली आणि तोंडात गार पडलेली असली तरी तुला द्यायचा आहे तो आवाज मी हलवीनच. ‘देबिदा’ या मूळ शब्दात ‘तुझ्यामुळे मिळालेला’ आणि ‘तुला देणं लागत असलेला’ हे दोन्ही अर्थ आहेत. विद्यार्थी बहुतेक वेळा इंग्रजीवरून जातात आणि ‘तुझ्यामुळे असलेला आवाज’ असं काहीतरी पांगळं लिहितात. मराठीत ‘देणं’ हा शब्द आयता आहे: देणगीही तोच, कर्जही तोच. ‘तुझं देणं असलेला आवाज’ म्हटलं की काम होतं.

आता खरी अडचण. स्पॅनिश क्रियापदाला पुरुष आणि वचन असतं, लिंग नसतं. ‘तू येतोस’ आणि ‘तू येतेस’ यांना तिकडे एकच रूप. त्यामुळे सालिनासचा ‘तू’ बराच वेळ बाई की पुरुष हे न सांगता चालू शकतो. मराठीत पहिल्याच ओळीत ‘येतेस’ लिहावं लागलं की तो पडदा गेला. यावर वाटा आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: येशील, जाशील. आज्ञार्थात नाही: ये, थांब, काढून टाक. ‘आहेस’ला नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, तेव्हा ‘तू दार उघडलंस’ हेही चालतं. शिवाय ‘तुला आवडतं’, ‘तुला दिसतं’ अशी रचना आहेच.

मात्र या वाटेवर एक खड्डा आहे आणि दर वर्षी कुणीतरी त्यात पडतंच. ‘म्हणणे’, ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदं कर्म घेत असली तरी भूतकाळात कर्त्याच्याच मागे जातात: तू म्हणालीस, तू विसरलीस. तिथे वाक्यच फिरवावं लागतं, ‘तू म्हणालीस’चं ‘तुझे शब्द होते’ असं.

गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूने मराठीच तोकडी पडते. स्पॅनिश विशेषणाला लिंग असतं. त्या गाजलेल्या कवितेत ‘शुद्ध’साठी ‘पुरा’ हा शब्द येतो (उच्चार आपल्या ‘पुरा’सारखाच, अर्थाचा संबंध नाही). तो पुल्लिंगी असता तर ‘पुरो’ झाला असता. म्हणजे समोर बाई आहे हे त्या एका अक्षरावर कळतं. आपलं ‘शुद्ध’ दोघांनाही तेच. तेव्हा क्रियापदात झाकायचं आणि विशेषणात उघडायचं, हे मुळातलं गणित मराठीत तसंच्या तसं बसत नाही. माझा सल्ला असा: संग्रहाच्या सुरुवातीच्या कवितांत जमेल तितकं झाकावं, पण या कवितेत हट्ट सोडावा आणि ‘मला तू हवीस’ असं सरळ लिहावं. मूळच्या क्रियापदात ‘हवं असणं’ आणि ‘प्रेम करणं’ एकत्र आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे सिनेमाच्या पोस्टरसारखं वाटतं आणि ओळीची लांबीही दुप्पट करतं.

लांबीला महत्त्व आहे, कारण सालिनासची ओळ बहुधा सात-आठ अक्षरांची असते, कधी त्याहून आखूड. यमक नाही. मराठी हाताला मात्र यमकाची खाज असते. एकदा का यमक आलं की त्या बोलण्याचं भावगीत होतं, आणि सालिनास गात नाही, तो कानाशी बोलतो.

एका बाबतीत मात्र आपण श्रीमंत. स्पॅनिशमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. इंग्रजीतही तसंच. मराठीत ऐकणारा आत आहे की बाहेर हे ठरवावंच लागतं. कवी तिच्याशी बोलत असेल तर ‘आपण’, तिच्याबद्दल जगाला सांगत असेल तर ‘आम्ही’. हा निर्णय घेण्यासाठी कविता तीनदा वाचावी लागते, आणि मला वाटतं ती समजायला तेवढंच पुरतं.

ही ‘तू’ खरी होती का? लिओ स्पिट्झर या मोठ्या भाषापंडिताने १९४१ मध्ये असं मत मांडलं की या कवितांतली स्त्री कवीच्या जाणिवेत विरघळून गेलेली आहे, तिला स्वतःचं असं अस्तित्व जवळजवळ नाही. हा स्पिट्झर तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सालिनासचा सहकारी होता! प्रत्यक्षात ती होती. कॅथरिन व्हिटमोर ही अमेरिकन प्राध्यापिका १९३२ च्या उन्हाळ्यात माद्रिदला आली होती. सालिनासने तिला लिहिलेली पत्रं हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयात आहेत आणि त्यांची निवड २००२ मध्ये छापून आली. सालिनास तेव्हा विवाहित होता, पत्नी मार्गारिता हिला याचा फार त्रास झाला. ‘नावं पुरून टाकीन’ या ओळीला ही दुसरी बाजूही आहे, ती वर्गात लपवू नये.

चरित्र थोडक्यात. जन्म माद्रिद, २७ नोव्हेंबर १८९१. १९१४ ते १९१७ पॅरिसच्या सोर्बोनमध्ये स्पॅनिशचा अध्यापक. १९१८ पासून सेव्हिलला स्पॅनिश साहित्याचा प्राध्यापक. तिथे वर्गात लुईस सेर्नूदा नावाचा एक अबोल विद्यार्थी होता. सालिनासने त्याला फ्रेंच कवी वाचायला लावले, आणि तो पुढे गुरूइतकाच मोठा कवी झाला. मधे एक वर्ष केंब्रिज. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड सालिनासने १९२० मध्ये स्पॅनिशमध्ये आणला, इंग्रजी अनुवादाच्या दोन वर्षं आधी. ‘मिओ सिद’ हे मध्ययुगीन वीरकाव्य त्याने १९२६ मध्ये आजच्या भाषेत आणलं, त्याच वर्षी स्वतःच्या सात गद्य कथाही छापल्या. १९३३ पासून सांतांदेरच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी विद्यापीठाचा सरचिटणीस. १९३६ च्या उन्हाळ्यात यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो तिथेच होता. तिथून फ्रान्समार्गे अमेरिका, आणि स्पेनला परतणं झालंच नाही. वेलेस्ली कॉलेज, मग १९४० पासून जॉन्स हॉपकिन्स. वेलेस्लीला त्याच्या जागी आला तो त्याचा जिवलग मित्र कवी होर्खे गियेन. सोर्बोनलाही सालिनासची जागा त्यानेच घेतली होती.

आता शीर्षकातला बल्ब. १९२९ च्या संग्रहात विजेच्या दिव्यावर एक कविता आहे. तिच्या नावातल्या शब्दाचा कोशातला अर्थ मेणबत्ती, म्हणून अनुवादात ‘पस्तीस मेणबत्त्या’ होतात आणि वाचकाला वाढदिवसाचा केक दिसतो. खरं तर त्या काळी बल्ब किती उजेडाचा हे मेणबत्तीच्या मापाने सांगत. आपण दुकानात ‘चाळीसचा द्या’, ‘साठचा द्या’ म्हणतो तसं. म्हणून ‘पस्तीसचा बल्ब’. कवितेत काचेच्या महालात एक राजकन्या कोंडलेली आहे. दिवसा सूर्यकिरणांचे एक लाख भाले तिच्यावर पहारा देतात. रात्री चांदण्यांनी डोकावू नये म्हणून कवी खिडक्या लावून घेतो आणि तिला सोडवतो. कशी? मधेच कंसात, नाटकातल्या सूचनेसारखं, बटण दाबण्याचं सांगितलं आहे. मग ती वरून खाली येते, त्याला वेढते आणि दोघं मिळून पांढऱ्या पानांवरच्या खुणा उलगडत बसतात. म्हणजे रात्री दिवा लावून केलेलं वाचन, इतकंच.

इथे अनुवादात काय बिघडतं? मराठीत बल्ब पुल्लिंगी, दिवा पुल्लिंगी, उजेड पुल्लिंगी. कवितेच्या आत यांतला एकही शब्द आला की राजकन्येच्या मिशा दिसू लागतात. स्त्रीलिंगी ‘वीज’ आहे, पण ती आधीच वापरली तर कोडं फुटतं. म्हणून आत फक्त ‘ती’ ठेवावी आणि ‘विजेची’ हा शब्द अगदी शेवटी, प्रेयसीचं विशेषण म्हणून यावा. मूळ कवितेचा शेवटचा शब्दही तोच आहे.

टाइपरायटरवरची कविता याच जातीची. तीस गोल पांढऱ्या कळा झोपल्या आहेत आणि सगळं जग तोलून आहेत. (आपल्याकडे ‘मराठी तीस’ची परीक्षा दिलेल्यांना हा आकडा वेगळ्या कारणाने आठवेल.) नेहमीचंच पत्र लिहायचं आहे असं त्यांना वाटू दे, मग बोटं मोकाट सोड, असं कवी सांगतो. शेवटी नुसती अक्षरं उरतात: एसे, सेदा, होता, इ. तिथे रोमन अक्षरांची इंग्रजी नावं देऊ नयेत. ‘एस, झेड, जे, आय’ ही बँकेच्या अर्जातली अक्षरं वाटतात. आपल्या कळफलकावरची, कानाला खुळखुळणारी चार अक्षरं घ्यावीत.

निबंधकार सालिनास मला शाळेच्या फार जवळचा वाटतो. १९४८ च्या पुस्तकात त्याने पत्रलेखनाची बाजू मांडली. ‘पत्र लिहू नका, तार करा’ ही जाहिरात पाहून तो पेटला होता. पत्राचा पहिला वाचक ते लिहिणाराच असतो, हे त्याचं म्हणणं. आपल्याला मायना, मजकूर आणि ‘आपला नम्र’ यांचे गुण मोजून मिळत; पहिल्या वाचकाचं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्याच पुस्तकात त्याने जुन्या निरक्षरांची बाजू घेतली आहे आणि वाचता येत असून न वाचणाऱ्यांना नवे निरक्षर ठरवलं आहे.

कादंबरीकार म्हणून तो मला दुय्यम वाटतो. १९५० ची बॉम्बवरची कादंबरी विज्ञानाने चालवलेल्या एका राज्यात घडते. कल्पना जबर, पण पात्रं कल्पनेची हमाली करतात. त्याच भीतीची ‘शून्य’ ही दीर्घकविता कितीतरी सरस आहे. वरून सोडलेल्या एका बॉम्बने खाली सगळ्याचं शून्य होतं. तिचं लेखन १९४४ चं, हिरोशिमाच्या आधीचं.

सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्यांना: आधी बल्ब आणि टाइपरायटर, मग १९३३ चा संग्रह, आणि मग १९४६ चा समुद्रावरचा. १९४३ ते ४६ तो प्वेर्तो रिकोच्या विद्यापीठात होता, तेव्हा सान हुआनच्या समुद्राशी बोलत त्याने एक मूळ कविता आणि तिची चौदा आवर्तनं लिहिली. इथेही ‘तू’च आहे, पण स्पॅनिशमध्ये तो पुल्लिंगी, आणि आपला समुद्रही तसाच. ‘तू आलास’, ‘तू थांबलास’, काहीही झाकावं लागत नाही. सालिनास ४ डिसेंबर १९५१ ला बोस्टनमध्ये वारला. त्याला पुरलं ते सान हुआनला, तटबंदीखालच्या जुन्या दफनभूमीत, त्याच समुद्रासमोर.