ही चाल कुणाकडून आली?

फ्लॉइडला पोचलो तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि फुटपाथवर तीन ठिकाणी गोल करून माणसं वाजवत बसली होती. व्हर्जिनियाच्या ब्लू रिज डोंगरातलं हे एवढंसं गाव. अख्ख्या काउंटीत मिळून सिग्नल एकच. रोआनोकला राहणारी माझी भाची गाडी लावायला गेली आणि मी पहिल्याच कोंडाळ्यापाशी थांबले. फिडल, म्हणजे इकडचं व्हायोलिन, वाजवणाऱ्या आजोबांनी गज तारांवर टेकवला आणि वाजवण्याआधी सांगितलं, "ही चाल मला माझ्या मामानं दिली. त्याला ती गॅलॅक्स गावच्या एका न्हाव्याकडून मिळाली होती."

पुढचे दोन दिवस हे सारखं कानावर पडत राहिलं. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. इथे तसं कुणी करत नाही, पण चाल कुणाकडून आली ते सांगितल्याशिवाय बहुतेकांचा हात तारेवर पडत नाही. मला हे फार आवडलं आणि मग मी भेटेल त्याला तेच विचारत सुटले.

फ्लॉइड कंट्री स्टोअर हे खरोखरीचं दुकान आहे. दर शुक्रवारी तिथे आधी तासभर भक्तिगीतं होतात आणि मग नाच. बुटांना पत्र्याच्या टाचा लावलेली म्हातारी माणसं लाकडी जमिनीवर असा काही ठेका धरतात की खुर्चीतून तो पायात चढतो. मध्यंतरात बाहेर बाकावर एक बँजोवाल्या बाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या. उजव्या हाताच्या बोटावर त्यांनी टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखासारखा कापून डिंकानं चिकटवला होता. "माझं नख आता टिकत नाही, हनी," म्हणत त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. बँजोची पाचवी तार आखूड असते, ती मानेच्या मध्यावरच सुरू होते. बाई नखानं वरून खाली तार छेडत आणि अंगठा परत परत त्या आखूड तारेवर येई. एकच सूर, तुणतुण्यासारखा, सगळ्या गाण्याखालून चाललेला. या वाद्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते इकडे घडवलं, हेही त्यांनीच आधी सांगितलं. म्हणजे नाव घेण्याची ती रीत त्यांनी पार मुळापर्यंत नेली होती.

तरुणपणी या बाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर होत्या. गाणी तिथेच सुचली. "मशीनच्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग मी मनातल्या मनात गायचे. कडवं जमलं की कापडाच्या चिठ्ठीवर लिहून खिशात टाकायचे." मला माझी साताऱ्याकडची आजी आठवली. जात्याची घरघर सुरू झाली की तिची ओवी सुरू व्हायची, आणि एरवी ती कुणाजवळ बोलायची नाही ते सगळं त्या ओव्यांत असायचं.

शनिवारी सकाळी ब्रिस्टल गाठलं. गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द आहे. या फुटपाथवर व्हर्जिनिया, त्या फुटपाथवर टेनेसी. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर यानं इथे टोप्यांच्या एका गोदामात रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं. मेसेस स्प्रिंगहून ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि भावजय मेबेल अशी तिघं आली. कंट्री संगीतात पुढे गाजलेली कार्टर फॅमिली ती हीच. मेबेल तेव्हा १८ वर्षांची, गरोदर. गाण्यामागे ५० डॉलर मिळाले.

पण ब्रिस्टलच्या संगीत संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले तो लेस्ली रिडल यांच्यासाठी. कंपनीला हक्क नोंदवता येतील अशी गाणी सतत हवी असत, म्हणून ए. पी. डोंगरात घरोघर हिंडून जुनी गाणी गोळा करत. सोबत रिडल असत. कृष्णवर्णीय गिटारवादक, अपघातात एक पाय गेलेले. ए. पी. शब्द लिहून घेत आणि चाल रिडल डोक्यात ठेवत. घरी येऊन ती तिघांना शिकवत. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं छापलं गेलं. मला इथे थांबून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत लिहून ठेवलं. गाणं गोळा करावं तर असं.

जवळच्या कॉफीच्या दुकानात गिटार घेऊन बसलेला तिशीतला एक मुलगा भेटला. दिवसा सामान पोचवतो, रात्री गातो. आजोबा कोळशाच्या खाणीत होते, धुळीनं फुप्फुसं गेली. त्यांच्यावरचं गाणं दोन वर्षं अडलं होतं. "मी आधी दुःख, दुःख असंच लिहीत होतो," तो म्हणाला. "मग आठवलं, ऑक्सिजनची नळी फक्त जाळीच्या दारापर्यंत पोचायची. आजोबा तिथवर येऊन अंगण बघायचे." त्यानं गाऊन दाखवलं. गाणं स्वयंपाकघरातून निघतं आणि बरोबर त्या दारात थांबतं. बाहेर जात नाही.

रात्री हिल्टन्स गावी कार्टर फॅमिली फोल्ड, म्हणजे कार्टर घराण्याचं गाण्याचं सभागृह, बघितलं. ए. पीं.च्या लेकीनं, जॅनेटनं, १९७४ मध्ये सुरू केलेले शनिवारचे कार्यक्रम अजून चालू आहेत, विजेची वाद्यं वर्ज्य.

रविवारी परतताना पुन्हा फ्लॉइड. दुपारच्या जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवण्याच्या बैठकीला, त्या बँजोवाल्या बाई होत्याच. गोलात जागा करून मला बसवलं आणि म्हणाल्या, "तू सगळ्यांना विचारतेस. आता तुझ्याकडचं दे." मी आजीची एक ओवी म्हटली. दुसऱ्या ओळीला त्यांचा अंगठा आखूड तारेवर पडायला लागला, अगदी हलका. संपल्यावर त्यांनी आजीचं नाव विचारलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नीट म्हटलं आणि वहीत कसं लिहायचं ते मला अक्षर अक्षर सांगायला लावलं.