पुढचे चांगले चित्रपट कुठे शोधायचे? तुम्ही विचारलंत म्हणून

‘येत्या काही महिन्यांत बघण्यासारखं, जरा वेगळं काय येतंय?’ असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. नावांची यादी दिली तर ती लवकरच शिळी होते. म्हणून यादी काढायची कशी, तेच सांगते.

मोठ्या बॅनरच्या चित्रपटाचा गाजावाजा आधी होतो आणि चित्रपट नंतर येतो. स्वतंत्र चित्रपट मात्र आधी महोत्सवांत दाखवला जातो आणि साधारण सहा ते आठ महिन्यांनी आपल्यापर्यंत पोचतो. तारखाच बघा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे लागला १७ एप्रिल २०१५ला. त्यांचाच ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२०चा, नेटफ्लिक्सवर आला एप्रिल २०२१च्या अखेरीस. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे २०२४मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं आणि नोव्हेंबरात तो देशभर लागला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळवलं, थिएटरात आला १९ सप्टेंबरला.

म्हणजे पुढच्या सहा महिन्यांतले चित्रपट आत्ताच कुठेतरी दाखवले जात असतात. जानेवारीत सनडान्स, फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्टअखेरीस व्हेनिस, सप्टेंबरमध्ये टोरांटो. यांची निवड आधीच जाहीर होते. त्यातली भारतीय नावं टिपून ठेवा, पण चित्रपटाच्या नावासोबत दिग्दर्शकाचं नावही लिहा. सनडान्सच्या यादीत ‘कॅक्टस पेअर्स’ हे इंग्रजी नाव वाचलेल्यांना आपल्याकडचं ‘साबर बोंडं’चं पोस्टर बघून तो हाच चित्रपट हे कळलंच असेल असं नाही. नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फीतला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातला, इंडियन पॅनोरमा हा भारतीय चित्रपटांचा विभाग तर चुकवूच नका. त्यात २५पर्यंत कथाचित्रपट आणि २०पर्यंत कथेतर चित्रपट निवडले जातात, आणि त्यातले पुष्कळसे तुम्ही आधी कुठे ऐकलेलेही नसतात.

चित्रपट लागतो तेव्हाच बहुतेकांचा तो हुकतो. शहरात दोन-चार पडदे, दिवसाला एखादाच शो, तोही दुपारी किंवा रात्री उशिरा. पुढच्या आठवड्यात किती शो ठेवायचे हे पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यावरून ठरतं. त्यामुळे परीक्षणं वाचून, मित्रांना विचारून दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हटलं, तर तोवर चित्रपट उतरलेला असतो. रविवारच्या आत तिकीट काढा. ‘ओटीटीवर येईलच की’ या भरवशावर तर मुळीच राहू नका. स्वतंत्र चित्रपट घेण्यात तिथेही हात आखडता असतो.

माहितीपटांचं गणित निराळं आहे, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. त्यांचा पैसा बऱ्याचदा परदेशी निधी आणि वाहिन्यांकडून येतो, हक्क देशोदेशी वेगवेगळे विकले जातात आणि भारत शेवटी उरतो. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला जानेवारी २०२२मध्ये सनडान्सला आणि त्याच मेमध्ये कानला पारितोषिक मिळालं, तरी अमेरिकेतल्या एचबीओवर यायलाही त्याला फेब्रुवारी २०२३ उजाडला. ‘आता उपलब्ध’ अशी पाटी दिसली तर कोणत्या देशात, ते आधी तपासा. माहितीपटांसाठी मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. पेडर रोडच्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात तो वर्षाआड भरतो, २०२४चा जूनमध्ये झाला. शिवाय मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब यांचं सभासदत्व घ्या. एरवी न मिळणाऱ्या कितीतरी फिल्म्स अशा सोसायट्यांमध्येच बघायला मिळतात.

आणखी एक. महोत्सवात दाखवायला सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळते, थिएटरात लावायला ते लागतंच. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ २०२४मध्ये कानला गेला, ब्रिटनने तो ऑस्करसाठी पाठवला आणि २०२५मध्ये आपल्याकडे सेन्सॉरने सुचवलेल्या काटछाटीवर अडला. त्यामुळे महोत्सवात एकाच वेळी दोन चांगल्या फिल्म्स असतील, तर पोलीस, जात, धर्म, सत्ता यांना थेट भिडणारी आधी बघा. दुसरी पुढे थिएटरात गाठता येण्याची शक्यता तरी असते.