जुळ्या शब्दांची वही : ५८ जोड्या झाल्या

दिसायला-ऐकायला सारखे पण अर्थानं वेगळे असे इंग्रजी शब्द मी या वहीत जोडीनं टिपतो. गेल्या वेळी ४१ वर होतो. नव्या १७ पैकी निम्म्या तरी सांगलीत चालता चालता, दुकानांच्या पाट्यांवर सापडल्या.

सगळ्यात झकास सापडली ती स्टेशनरी. गणपती पेठेकडं जाताना एका वह्या-पेनांच्या दुकानावर 'ई-आर-वाय' हवं तिथं 'ए-आर-वाय' रंगवलंय. म्हणजे अर्थ झाला 'जागचं न हलणारं'. दोन वर्षं मनातल्या मनात हसत होतो. मग मूळ शोधायला बसलो आणि हसू जिरलं. मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्टेशनॅरियस' म्हणजे एका जागी ठाण मांडून विकणारा. बाकीचे सगळे फेरीवाले. विद्यापीठांच्या आसपास असं पक्कं दुकान पुस्तकवाल्यांचं असे, म्हणून तो 'स्टेशनर' आणि त्याचा माल स्टेशनरी. लंडनला त्यांचा संघ १४०३ पासूनचा, राजसनद १५५७ ची. म्हणजे दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं! आपला पेंटर चुकला खरा, पण चुकून मुळाशी पोचला.

यामुळं वहीची मांडणीच बदलली. आधी अक्षरवार होती, आता दोन कप्पे : 'सख्खी भावंडं' आणि 'नुसता तोंडावळा'. जेवणानंतरचं गोड डेझर्ट आणि वाळवंटाचं डेझर्ट दुसऱ्या कप्प्यात, त्यांचं एकमेकांशी नातं नाही. आपल्या सुत-सूतसारखंच, एक मुलगा, एक धागा.

गिरणीच्या पाटीनं मात्र दोन्ही कप्प्यांत भर घातली. तिच्यावर डबल ओ घालून 'फ्लोअर मिल' लिहिलंय, म्हणजे फरशी दळून मिळते! पीठ-फरशी हा नुसता तोंडावळा. खरी गंमत पुढं आहे. पिठाचा फ्लॉवर आणि फुलाचा फ्लॉवर मुळात एकच शब्द. चाळून निघालेलं उत्तम पीठ म्हणजे धान्याचं 'फूल'. स्पेलिंगं वेगळी झाली ती बरीच नंतर.

आता माझी फजिती. मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं मीच तपासली होती. छापून आल्यावर बघतो तर चार जाहिरातींत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स'मध्ये आयच्या जागी ई. म्हणजे शुभेच्छांऐवजी 'पूरक वस्तूंसह'. ही जोडीही सख्खीच, दोघांचं मूळ 'पुरं करणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात. कौतुकवाला स्पेन-इटलीचा वळसा घालून आला, एवढाच फरक. त्या रात्री खूण सुचली : आय कौतुक करते. आपल्याकडं आईला आय म्हणतात, त्याचा पहिल्यांदाच इंग्रजीत उपयोग झाला. तेव्हापासून एकदाही चुकलो नाही.

अडलंय ते डिस्क्रीटपाशी. एक 'जपून वागणारा', दुसरा 'सुटासुटा'. उच्चारही एक, मूळही एक. दोन ईंच्या मध्ये टी घुसला की ते सुटे, ही खूण पाठ आहे, पण लिहिताना हात थांबतोच. कुणाकडं आयसारखी अस्सल गावरान खूण असेल तर सांगा.