घंटा न वाजवता घेतलेला सराव

धोक्याच्या जागी असलेल्या वस्त्यांमध्ये मुलांना आपत्तीबद्दल शिकवायचं ठरलं की आधी भिंतीवर तक्ता लागतो, मग भाषण होतं, मग प्रश्नोत्तरं. मुलं घडाघडा बोलतात. पण जमीन हलायला लागली की पाठांतर कामाला येत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच आठवतं. म्हणून शिकवायचं ते थोडंच, पण हातापायांना शिकवायचं.

सुरुवात नकाशाने करा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन वस्ती पायी फिरायची आणि मोठ्या कागदावर त्यांनाच काढायला लावायची. कोणतं गटार आधी तुंबतं, कोणती भिंत फुगली आहे, कुठे तार लोंबते, हे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण त्यांचा दिवस तिथेच जातो. मग प्रत्येक घरातून सुरक्षित जागेपर्यंत दोन वाटा रंगवायच्या आणि चालून बघायच्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन किती मिनिटं लागतात तेही मोजायचं, कारण खऱ्या वेळी बऱ्याच मुलांच्या कडेवर कुणीतरी असतंच. एकदा तरी अंधार पडल्यावर चाला. दिवसा सोपी वाटणारी वाट रात्री उघड्या गटारापाशी अडते.

भूकंपासाठी तीन कृती: वाका, आडोसा घ्या, धरून ठेवा. इथे नेहमी एक चूक होते. मूल टेबलाखाली शिरतं, दोन्ही हातांनी पाय पकडतं आणि मान उघडीच राहते. एक हात मानेवर, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय, असं पक्कं करून घ्या. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरकायचं. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची. हादरे चालू असताना धावू नये, कारण पडून आणि अंगावर काही कोसळून खूप इजा होतात. चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला आता सोडून द्या. मात्र हा नियम सरसकट लावू नका. मातीच्या किंवा दगडाच्या कच्च्या भिंती, वर जड छप्पर, आणि तळमजल्यावर दोन पावलांवर मोकळ्या जागेत उघडणारं दार असेल, तर पहिल्या हादऱ्यालाच बाहेर पडणं बरं. हे त्या क्षणी ठरवता येत नाही. घराघरात जाऊन आधीच ठरवावं लागतं.

पुराबाबत मुलांना आकडे सांगू नका, स्वतःच्या पायावरची खूण द्या. वेगाने वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. म्हणून मुलासाठी नियम एवढाच: वाहतं पाणी घोट्याला लागलं की मागे फिरायचं. गढूळ पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, हे परातीत मातीचं पाणी घेऊन तळाशी वाटी लपवून दाखवा. लगेच कळतं.

कुणी बुडत असेल तर मूल बहुतेक वेळा उडीच मारतं, आणि मग दोघं जातात. इथे शिकवायचं ते असं: ओरडून मोठ्यांना बोलवायचं, काठावर पालथं झोपून काठी पुढे करायची, नाहीतर कॅन फेकायचा, पण पाण्यात उतरायचं नाही. पाच लिटरच्या झाकणाच्या प्लास्टिक कॅनला दहा मीटर दोरी बांधून ठेवा. कॅनमध्ये तळापुरतं पाणी हवं, कारण अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो. बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे टाकून ओढत त्याच्या हाताशी आणायचा. दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं, नाहीतर कॅनसोबत दोरीही पाण्यात जाते.

आता खरा मुद्दा. ठरलेल्या वेळी, घंटा वाजवून, मोकळ्या दाराने घेतलेला सराव मुलांना रांग लावायला शिकवतो, जीव वाचवायला नाही. सराव मुद्दाम बिघडवा. वीज नाही म्हणून घंटा नाही, शिट्टी वाजेल. नेहमीचा जिना 'कोसळला' म्हणून खुर्ची आडवी ठेवा. बाई आज नाहीत, मोठ्या मुलांनी ठरवायचं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला सरावातून सूट देऊ नका. त्याला कोण आणि कसं नेणार हे तेव्हाच उमगतं.

जपानच्या कामाइशी या किनाऱ्यावरच्या शहरात आपत्तीतून बचावाचे अभ्यासक तोशिताका काताडा यांनी मुलांना हेच शिकवलं होतं: अंदाजांवर विसंबू नका, जमेल तेवढं सगळं करा, इतरांच्या आधी पळायला लागा. 11 मार्च 2011 ला मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा यायच्या आधीच तिथल्या उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळेची मुलं उंचावर निघाली, त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तर ती तिथे थांबली नाहीत, आणखी वर गेली. 'ठरलेली जागा' एवढंच शिकवलं असतं तर ती तिथेच थांबली असती.

पालकांची बैठक टाळू नका. मुलाला घ्यायला धोक्याच्या दिशेने धावणारे आईबाप हा मोठा धोका असतो. मूल कुठे असेल, कोण सोबत असेल, कुणाच्या ताब्यात दिलं जाईल, हे लिहून द्या, आणि मुलाच्या तोंडूनच घरी सांगायला लावा: "मी नक्की वर जाणार आहे, तुम्ही मला शोधायला येऊ नका, तुम्हीही पळा."

लहानग्यांना ढिगाऱ्यांची, मृतांची चित्रं दाखवू नका. घाबरलेलं मूल लपतं, आणि आगीत पलंगाखाली लपलेलं मूल सापडत नाही. त्यांना एकच काम द्या: धुरात जमिनीलगत रांगत दाराकडे.

शेवटी एक साधी चाचणी. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, आईचं नाव काय? पुष्कळ मुलं 'आई' एवढंच सांगतात. आईबापांचं पूर्ण नाव, वस्तीचं नाव आणि एक फोन नंबर चालीवर म्हणायला शिकवा, आणि मैदानाला एक फेरी मारून धाप लागलेली असतानाच तोच नंबर विचारा. चुकला तर उद्या पुन्हा फेरी, पुन्हा नंबर.