आजी बाकड्यावर कपाळ टेकवायची

आजीचे गुडघे गेले होते. चर्चच्या उपासनेत गुडघे टेकणं तिला शेवटची काही वर्षं जमलंच नाही. तरी बसल्याबरोबर ती चपला काढून बाकड्याखाली सरकवायची, पदर डोक्यावर नीट ओढायची आणि प्रार्थना सुरू झाली की पुढच्या बाकड्याच्या लाकडावर कपाळ टेकवायची. मान वर केली की कपाळावर कडेचा आडवा लालसर वळ. नगरच्या आमच्या मंडळीत बाकी सगळे ताठ बसून डोळे मिटायचे. एकदा मी विचारलं, असं का करतेस? म्हणाली, "मन कुठंबी पळतंय गं. कपाळ टेकलं की जरा जाग्यावर येतंय."

हे आठवलं ते गेल्या महिन्यातल्या एका प्रार्थनासभेमुळे. गाणी सुंदर चालली होती. मधेच पुढून सांगण्यात आलं, ज्यांचे हात अजून खाली आहेत, त्यांनी मन प्रभूला उघडलेलं नाही. माझे हात खाली होते. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं आणि मी ते वर केले. त्यानंतर माझी प्रार्थना झालीच नाही. सगळं लक्ष हातांकडे.

हात उंचावण्याला माझा मुळीच विरोध नाही. बायबलच्या स्तोत्रांत हात उंचावणं आहे, टाळ्या आहेत, ९५व्या स्तोत्रात गुडघे टेकणं आहे. दावीद राजा देवाच्या कोशापुढे, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीपुढे, नाचला आणि खिडकीतून पाहणाऱ्या त्याच्या बायकोने, मीखलने, त्याला मनातून तुच्छ मानलं. मला सलतं ते दुसऱ्याचं शरीर पाहून त्याच्या मनाचं माप काढणं. बायबलमधली हन्ना शिलोच्या मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते. एली तर याजक, पण त्यालाही वाटलं, ही बाई प्यायलेली आहे.

आम्ही ताठ बसणारेही तेच करतो. कुणी मोठ्याने रडलं की "दाखवायला चाललंय" म्हणून मोकळे होतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आध्यात्मिक जागृती झाली, तेव्हा मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत. पंडिता रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. दुष्काळातून वाचलेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या मुली त्यांत होत्या. घरात ज्यांना आवाज चढवायची सोय नव्हती, त्या देवापुढे मोठ्याने बोलत होत्या! त्याला दिखावा म्हणायला माझी जीभ धजणार नाही.

वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली. भारतातल्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, चपला काढणं, जमिनीवर बसणं, गुडघे, हात आणि कपाळ टेकवून पंचांग प्रणाम, हात जोडून लवणं, या सगळ्याला १९६९ साली रोमहून मान्यता मिळाली. ऐकून मला भरून आलं. आजी प्रोटेस्टंट, तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पवित्र जागी पायताण नको, एवढं तिला घरातूनच ठाऊक होतं.

त्या सभेच्या प्रमुखांना मी भेटणार आहे. चारचौघांत नाही, एकटं गाठून हन्नाबद्दल बोलायचं आहे. रविवारी मी हात मांडीवरच ठेवले. चपला मात्र काढून बाकड्याखाली सरकवल्या. फरशी गार होती, आणि पहिल्या प्रार्थनेपासून मन बरंच जागेवर होतं.